बाजूच्या सीटवरून

आमच्या ह्यांच्या कपाळाला फक्त तीन टाके पडले. तीस पडले असते, हात मोडला असता, तोंड वाकडं झालं असतं, तर लोकांनी माझं ऐकलं असतं. तीन टाक्यांवर कोण विश्वास ठेवतो?

एक्क्याण्णव सालची गोष्ट. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. मी, माझे मिस्टर हरिचंद्र आणि नऊ वर्षांची उमा. ह्यांचा स्वतःचा टेम्पो होता. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जेठानंद शेठचा लोखंडी कपाटांचा कारखाना. तिथून कपाटं भरायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची, हे ह्यांचं काम. बदलापूरला कात्रपमध्ये तेव्हा एकामागून एक बिल्डिंगा उठत होत्या, आणि नव्या फ्लॅटमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आधी कपाट हवं असायचं. चौदा वर्षं ह्यांनी गाडी चालवली, कुणाच्या कुत्र्यालासुद्धा धक्का लावला नव्हता.

मार्चमध्ये एके दिवशी कपाटांवर दोर आवळताना दोर तुटला आणि हे टेम्पोवरून तोंडावर खाली आले. गटाराच्या कडेच्या दगडावर कपाळ आपटलं. अर्धा तास शुद्ध नव्हती. चार दिवस दवाखान्यात काढले. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी नाव विचारलं, वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. सगळं बरोबर.

"एकदम ओके," डॉक्टर म्हणाले. "नशीबवान आहात."

मीसुद्धा महिनाभर सगळ्यांना तेच सांगत होते.

मग घरात एकेक दिसायला लागलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, रॉकेल आणा आणि येताना उमाला शिकवणीवरून घेऊन या. हे रॉकेल घेऊन आले.

"उमा कुठाय?"

"शिकवणीला."

"तिला आणायचं होतं ना?"

"हो, आणायचं होतं की," असं म्हणून बसले पेपर वाचत. विसरले असते तर मला समजलं असतं. विसरले नव्हते. माहीत होतं, आणि आणलं नव्हतं. ह्याला काय म्हणायचं?

बुद्धपौर्णिमेला विहारात ह्यांना सतरंज्या अंथरायला सांगितल्या. हॉल भरला तरी हे अंथरतच होते. ओट्यावर अंथरल्या, पायऱ्यांवर अंथरल्या, शेवटची तर नळाखालच्या चिखलात. लोक हसले. "हरिचंद्र मस्करी करतोय," म्हणाले. मी चिखलातली सतरंजी उचलली आणि कुणाकडे बघितलं नाही.

पूर्वीचा माणूस तापट होता. कामात चूक झाली की जेवायचा नाही. आताचा माणूस शांत. काही बोला, काही म्हणा, चेहरा तसाच. माझ्या जावेला ह्याचंच कौतुक. "किती गुणी झालेत गं भाऊजी!" मला ओरडावंसं वाटायचं.

मे महिन्यात ह्यांनी परत गाडी काढली. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मीही येते, शेठकडे कपाटाचं एक दार बदलून घ्यायचंय. खोटंच सांगितलं. उल्हासनगरला श्रीराम चौकात हवालदाराने हात आडवा केला. ह्यांनी बघितलं. मला म्हणालेसुद्धा, "हा नवीन आलेला दिसतोय." आणि गाडी त्याच वेगात त्याच्या पुढून काढली. शिट्टी वाजली. एक सायकलवाला उडी मारून बाजूला झाला आणि त्याने आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला.

"अहो! हात केला होता ना त्याने?"

"केला होता."

"मग?"

"मग काय? केला होता."

"हात केला की काय करायचं असतं?"

"थांबायचं असतं." ताबडतोब उत्तर.

"मग थांबला का नाहीत?"

ह्यावर हे विचारात पडले. खरंच पडले, नाटक नव्हतं. मग म्हणाले, "आज ऊन फार आहे."

मी त्याच रात्री बाळाजी भाऊजींकडे गेले. हे ह्यांचे थोरले भाऊ, अंबरनाथच्याच एका कारखान्यात फिटर. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सुनेत्रा, घाबरलीस तू. साहजिक आहे. पण आजारातून उठलेल्या माणसाला घरी बसवलं की तो खचतो. त्याचा हात गाडीवर बसलाय, त्याला चालवू दे."

"हाताला काही झालं नाहीये, भाऊजी."

"तेच तर म्हणतोय मी."

जेठानंद शेठला सांगितलं तर तो हसला. "भाभी, हरीभाई फर्स्ट क्लास है. माल टाइम पे देता है, झगडा नहीं करता. तू खालीपीली टेन्शन लेती है." डॉक्टरांकडे परत नेलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली, बोटं मोजायला लावली आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हीच थोडी विश्रांती घ्या."

शेवटी मी ठाण्याला गेले आणि लायसन्सच्या ऑफिसात अर्ज दिला, की माझ्या नवऱ्याची परत परीक्षा घ्या. खिडकीवरच्या माणसाने तो दोनदा वाचला. बायका नवऱ्याचं लायसन्स लवकर द्या म्हणून येतात, ही काढून घ्या म्हणून आली, असं काहीतरी तो शेजारच्याला म्हणाला. पण तारीख मिळाली. मी मनात म्हटलं, आता सरकारच बघेल आणि सरकारच सांगेल.

परीक्षा घेणारे साहेब बाजूच्या सीटवर बसले. मी मैदानाच्या कडेला उभी. साहेब म्हणाले, सुरू करा. ह्यांनी सुरू केली. डावीकडे घ्या, घेतली. थांबा, थांबले. रिव्हर्स घ्या, उजवा सिग्नल द्या, चढावर थांबून परत उचला. एक इंच मागे सरकली नाही गाडी. पाट्या ओळखायला दिल्या, सगळ्या ओळखल्या. साहेब खाली उतरून मला म्हणाले, "मॅडम, असे ड्रायव्हर आजकाल मिळत नाहीत."

मला तिथेच रडू आलं. परत येताना मी अख्खा रस्ता धुसफुसत होते आणि त्या साहेबाने कसं सांगितलं, ह्यांनी कसं केलं, हे मनात घोळवत होते. थांबा म्हटलं, थांबले. घ्या म्हटलं, घेतली. कळव्याच्या पुढे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी ह्यांनी चालवली, पण कधी काय करायचं ते साहेब ठरवत होता. रस्त्यावर बाजूला कोण बसणार?

मीच. दुसरं कोण?

मी घरी लोकांचे कपडे शिवायचे, ते शिवणकाम बंद केलं, उमाला जावेकडे ठेवलं आणि रोज सकाळी टेम्पोत बसायला लागले. "आता हळू. पुढे बैलगाडी आहे, मागेच राहा. हवालदार हात करतोय, थांबा. आता सोडा. डावीकडे रिक्षा आहे, तिला जाऊ द्या. थांबा. थांबा म्हटलं ना!" सांगितलं की लगेच करायचे, इतकं झटपट की माझा चांगला ड्रायव्हर मला परत मिळाल्यासारखं वाटायचं. आणि सांगायचं राहिलं तर जे चाललंय तेच चालू. बदलापूरच्या रेल्वे फाटकाशी एकदा मला ठसका लागला. तेवढ्यात गाडीचं नाक फाटकाच्या दांड्याला लागलं. दांडा दिसत होता का? दिसत होता. फाटक बंद होतं हे कळत होतं का? कळत होतं.

सात महिने. संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा आणि मान आखडलेली. ह्यांना काही नाही. घरी येऊन गरम पाण्याने पाय धुवायचे आणि ढाराढूर झोपायचे. स्टँडवरच्या ड्रायव्हर लोकांनी माझं नाव हॉर्न ठेवलं. "हरीचा हॉर्न आला," म्हणायचे. जेठानंद शेठ म्हणायचा, "भाभी तो साथ में बहुत घूमती है, हनीमून चालू है क्या?" मला वाटायचं, एक दिवस ह्या सगळ्यांना टेम्पोत बसवावं आणि मी खाली उतरावं.

डिसेंबरअखेरची गोष्ट. त्या सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं, ह्यांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा, आणि कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं आणि हे समोर उभे राहून बघत होते.

"लक्ष ठेवा म्हटलं होतं ना?"

"ठेवलंय की."

माझा तोल गेला. इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "आज मी एक शब्द बोलणार नाही. बघते काय करता ते."

आणि खरंच बोलले नाही. टेम्पोत तोंड फिरवून बसले. अंबरनाथ ते उल्हासनगर, काही झालं नाही. कपाटं भरली, परत फिरलो, खरवईच्या पुढे आलो, काही झालं नाही. रस्ता सरळ होता, रोजचा होता. मला तर वाटायला लागलं, भाऊजी बरोबर असतील, मीच वेडी असेन. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मला वेडं ठरायला आवडलं असतं.

कात्रपला एका नव्या बिल्डिंगच्या फाटकात गाडी मागे घ्यायची होती. फाटकाच्या कडेला एक बाई टोपल्या मांडून भाजी विकत बसली होती. ह्यांनी आरशात बघितलं. "भाजीवाली बसलीय," मला म्हणाले, आणि गाडी मागे घ्यायला लागले. ते बोलले म्हणजे त्यांना समजलं, असं मला वाटलं. तेवढाच एक क्षण. मग मी किंचाळले, "थांबा!"

थांबले. लगेच थांबले. पण चाक टोपलीवर चढलं होतं आणि टोपलीखाली तिचा पाय होता.

तिचं नाव चांगुणा. खरवईची, घरची शेती, तीच भाजी आणून बसायची. पायाची दोन बोटं मोडली होती. लोक जमले. कुणी ह्यांची कॉलर धरली, कुणी म्हणालं, पिऊन आलाय. वास घेऊन बघा म्हटलं मी. चांगुणा मात्र रडता रडता एकच गोष्ट सांगत होती. "त्यानं बगितलान मला! आरशातून डोल्यात डोला घातलान! आन् तरी आला!"

आणि हे बाजूला उभे राहून फुटलेले टोमॅटो वेचून टोपलीत भरत होते. चांगले, फुटलेले, सगळे.

तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबले. तिचं औषधपाणी आम्ही केलं, ते करायलाच हवं होतं. पण माझं मन कशातच नव्हतं. गाडी ह्यांनी मागे घेतली होती. गप्प मी बसले होते. रागाने, मुद्दाम, त्यांना धडा शिकवायला.

आठवड्याने तिला बघायला खरवईला गेले. ती ओसरीवर पाय लांब करून मेथी निवडत होती. मला शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने माझ्याकडे नीट बघून विचारलं, "पितो का गं नवरा?"

"नाही."

"मंग आजारी हाय तो. मला बगून येनारा मानूस बरा नसतो. मोठ्या दवाखान्यात ने त्याला, हितल्या नको."

सात महिन्यांत हे म्हणणारी ती पहिली. जिची बोटं मोडली, ती.

मी भाऊजींना जाऊन सांगितलं, विचारलं नाही, की आपण मुंबईला जातोय आणि तुम्हीही येताय. तिथल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात चार खिडक्या फिरून आम्ही एका डॉक्टरीणबाईंपुढे पोचलो. तरुण होत्या. हातोडी काढली नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "बाई, तुम्ही विश्रांती घ्या" म्हणाल्या नाहीत. मग एका कागदावर तीन कामं लिहिली. कँटीनमधून एक चहा आणायचा, औषधाची खिडकी किती वाजता बंद होते ते विचारून यायचं, तळमजल्यावरून एक कोरा केसपेपर आणायचा. खाली एक नियम लिहिला, 'आत येऊ नये' अशी पाटी असलेल्या दारातून जायचं नाही. वेळ वीस मिनिटं. ह्यांच्याकडून कागद मोठ्याने वाचून घेतला, नियम पाठ म्हणून घेतला. हे गेले. बाई भाऊजींना म्हणाल्या, "तुम्ही मागून जा. काही झालं तरी बोलायचं नाही."

पाऊण तासाने दोघं परत आले. ह्यांच्या हातात एक चहा होता, आणि ट्रेमध्ये आणखी चार. केसपेपर नव्हता. भाऊजींचा चेहरा उतरला होता.

"पाटी होती," ते म्हणाले. "त्याने माझ्यासमोर मोठ्याने वाचली. 'आत येऊ नये.' आणि दार ढकलून आत गेला. दोनदा. मला हाक मारावीशी वाटत होती, पण तुम्ही बोलू नका म्हणालात." मग खाली बघत म्हणाले, "हरी असा नव्हता हो, बाई."

बाईंनी आम्हाला सोप्या भाषेत सांगितलं. समोरचं दिसणं वेगळं, नियम माहीत असणं वेगळं, आणि त्या क्षणी हातातलं थांबवून दुसरं करायचं ठरवणं वेगळं. ते ठरवण्याचं काम मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळामागे चालतं. ह्यांना मार तिथेच बसलाय. एक्स-रेत हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. बोलणं, आठवण, हातपाय सगळं चांगलं राहतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. घरच्यांना तेवढा लागतो.

"औषध?" मी विचारलं.

"ह्याला गोळी नाही. सवयीने थोडं सुधारेल. पण गाडी नाही. तुम्ही बाजूला बसलात तरी नाही. तुम्ही सांगेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात माणूस मरतो."

मी मान हलवली. ते मला सांगायची गरज नव्हती.

हे सगळं ह्यांच्यासमोरच चाललं होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. चिडतील, रडतील, माझी गाडी सोडणार नाही म्हणतील. मला तसं हवं होतं. हे म्हणाले, "चहा गार होतोय."

भाऊजी परतताना म्हणाले, "टेम्पो विकून टाक."

"आणि खाऊ काय? सात महिने मीच चालवत होते भाऊजी, तोंडाने. आता हाताने चालवीन."

नंतर लायसन्सच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून पहिली सही भाऊजींचीच.

मालवाहू गाडीचं लायसन्स लगेच मिळत नाही, आधी साधं काढून वर्ष थांबावं लागतं. त्या वर्षात रघू नावाचा एक ड्रायव्हर ठेवला. तो पान खाऊन माझ्या दारावर थुंकायचा, ते वेगळंच पुराण आहे. मला मात्र शिकवलं ह्यांनीच. रविवारी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर, उसन्या जीपमध्ये. दुसरा कुठलाही नवरा तिसऱ्या दिवशी बायकोला रस्त्यात उतरवून घरी गेला असता. मी गाडी बंद पाडायचे, हे म्हणायचे, "क्लच हळू सोड." मी परत बंद पाडायचे, हे त्याच आवाजात, "क्लच हळू सोड." चाळीस वेळा. पन्नास वेळा. मीच रडकुंडीला यायचे, स्टिअरिंगवर डोकं आपटायचे. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

त्र्याण्णवच्या शेवटाला मी टेम्पो बाहेर काढला. पहिल्या दिवशी श्रीराम चौकात मधोमध गाडी बंद पडली आणि मागे दहा रिक्षांनी भोंगे लावले. एकाने डोकं बाहेर काढून "ए बाई, चपाती लाट घरी जाके!" म्हणून घेतलं. बाजूच्या सीटवरून आवाज आला, "क्लच हळू सोड." सोडला. गेली.

जेठानंद शेठने दोन महिने नाकं मुरडली, मग सवय झाली. काम वाढलं तसं मीही शिकले, की ह्यांना एका वेळी एकच काम सांगायचं. "दोर सोडा." सोडला की, "कपाट धरा." कपाट ठेवलं की, "खाली चला." दोन कामं एकत्र सांगितली की माझीच चूक. तरी रोज एकदा माझा पारा चढतोच, खोटं का बोलू?

परवा कात्रपला तिसऱ्या मजल्यावर कपाट द्यायचं होतं. गल्ली अरुंद, पोरं खेळत होती. मी ह्यांना टेम्पोच्या मागे उभं केलं आणि म्हटलं, "मी गाडी मागे घेतेय, कुणाला इकडून जाऊ देऊ नका." गाडी लावली, हमालांबरोबर वर गेले. दार बसत नव्हतं, बिजागरी ठोकून घेतली, घरमालकिणीने सरबत दिलं, तिच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकलं. खाली आले तर गल्लीच्या तोंडाशी बारा-पंधरा माणसं जमून ओरडत होती. एक म्हातारा पिशव्या घेऊन घामाघूम झाला होता. आणि हे दोन्ही हात पसरून भर उन्हात उभे, एकालाही पुढे सोडत नव्हते.

"अहो, हे काय? सोडा त्यांना!"

लगेच हात खाली घेतले. लोक मला चार शब्द सुनावत गेले. बरोबरच होतं त्यांचं.

"गाडी लागली ना केव्हाची? कळत नाही का तुम्हाला?"

"कळत होतं," हे म्हणाले.

"मग बाजूला का नाही झालात?"

हे विचारात पडले. मान भाजून लाल झाली होती. मी पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि म्हटलं, "चूक माझी आहे. आता गाडीत बसा." बसले. मी दार लावून घेतलं, आरशात मागे बघितलं, परत एकदा बघितलं, आणि गाडी बाहेर काढली.